चंदी बंद केली तर घोडी उपाशी राहील का?

वाई तालुक्यातल्या एका ताईंचं पत्र आलं आहे. महाबळेश्वरला पर्यटकांना पाठीवर घेऊन फिरलेली एक बुटकी घोडी त्यांच्या यजमानांनी काही वर्षांपूर्वी घरी आणली. आता ती अठरा वर्षांची आहे, अंगानं लठ्ठ आहे. काम काही नाही, मळ्यात गाईंच्या गोठ्याशेजारी बांधलेली असते. सकाळी भिजवलेले हरभरे आणि गव्हाचा कोंडा, दिवसभर गाईंबरोबर हत्तीगवत, हंगामात उसाचे वाढे आणि संध्याकाळी सासूबाईंच्या हातून गूळ-भाकरी असा तिचा रतीब. गेल्या पावसाळ्यात ती पुढच्या दोन्ही पायांनी लंगडली, बरी झाली आणि साखर कारखाना सुरू झाल्यावर पुन्हा लंगडली. नालबंद म्हणाला, खुरात उष्णता आहे. पशुवैद्यांनी लॅमिनायटिस, म्हणजे खुराच्या आतल्या पापुद्र्यांचं दुखणं, सांगितला आणि साखर कमी, तंतू जास्त असा खुराक द्यायला सांगितलं. इंग्लंडमधल्या भाच्यानं भिजवून द्यायच्या बीट पल्पचं, म्हणजे बीटाच्या चोथ्याचं, नाव कळवलं, पण परदेशातून येणारं ते पोतं महाग पडतं. सासूबाईंचं म्हणणं, मुक्या जनावराची चंदी, म्हणजे धान्याचा खुराक, तोडणं हे पाप. ताई विचारतात, पोतं मागवावं, की इथलंच काही भिजवून चालेल? आणि खाणं तोडलं तर घोडी उपाशी राहणार नाही का?

प्रिय ताई,

तुमचा शेवटचा प्रश्न मी आधी घेते, कारण त्यावर बाकीचं सगळं अवलंबून आहे.

सासूबाईंचं अर्धं म्हणणं अगदी बरोबर आहे. लठ्ठ तट्टाला उपाशी ठेवणं खरोखरच धोक्याचं असतं. पोट रिकामं राहिलं की त्याच्या अंगातली चरबी एकदम सुटून रक्तात येते, यकृतावर भार पडतो आणि जनावर दगावूही शकतं. बुटक्या जातींना, त्यातही माद्यांना, हा धोका मोठ्या घोड्यांपेक्षा जास्त. शिवाय घोड्याच्या जठरात आम्ल सतत तयार होत असतं, त्यामुळे चघळायला काही नसेल तर तिथे व्रण पडतात. म्हणून ‘डाएट’ म्हणून दावण रिकामी ठेवायची नाही, हे पक्कं धरा.

पण चंदी म्हणजेच अन्न, हे मात्र मला पटत नाही. चंदी हा कष्टाचा खुराक. डोंगरावर दिवसभर माणसं वाहणाऱ्या घोडीला तो लागत होता. आता ती उभी असते. तिचं खरं अन्न म्हणजे वाळलेलं गवत, आणि पत्रात नेमका त्याचाच उल्लेख कुठे नाही.

तुमच्या पत्रात आणखी एक गोष्ट आहे, ती तुमच्या लक्षात आली आहे का कोण जाणे. पहिल्यांदा ती लंगडली पावसाळ्यात, म्हणजे कोवळा हिरवा चारा आला तेव्हा. दुसऱ्यांदा लंगडली गाळप सुरू झाल्यावर, म्हणजे वाढे आले तेव्हा. वाढ्यांचा वरचा पाला आपल्याला साधा चारा वाटतो, पण त्याच्याबरोबर शेंड्याची कोवळी कांडी येतात, आणि त्या कांड्यांत ग्लुकोज-फ्रुक्टोज भरपूर असतं. घोडी पाला बाजूला सारून आधी तीच शोधते. गाईला ते चालून जातं, कारण तिच्या कोठीपोटात जिवाणू आधी ती साखर खाऊन टाकतात. घोड्याला कोठीपोट नाही. साखर आणि पिष्ट (स्टार्च) त्याच्या लहान आतड्यात पचून थेट रक्तात जातात.

पुढे काय होतं ते थोडक्यात सांगते. रक्तात साखर वाढली की इन्शुलिन वाढतं. लठ्ठ, बुटक्या, थोड्याशा चाऱ्यावर भागवणाऱ्या जातींमध्ये ते गरजेपेक्षा फार जास्त वाढतं आणि बराच वेळ चढलेलं राहतं. 2007 साली ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी निरोगी तट्टांच्या रक्तात इन्शुलिन मुद्दाम चढं ठेवून पाहिलं, तेव्हा तीन दिवसांच्या आत त्यांना लॅमिनायटिस झाला. आपलं नख जसं खालच्या मांसाला घट्ट धरून असतं, तसं खुराचं कवच आतल्या हाडाला बारीक पापुद्र्यांनी धरून असतं. इन्शुलिन चढं राहिलं की ते पापुद्रे ताणतात, सुटायला लागतात, आणि अंगाचा सगळा भार पेलणारं हाड खुरात फिरतं किंवा खाली सरकतं. नालबंदाला खूर गरम लागला हे खरंच आहे. त्याची परीक्षा चुकलेली नाही. पण ती उष्णता बाहेरून आलेली नाही, त्यामुळे थंड लेप लावून किंवा ताक पाजून मूळ दुखणं जाणार नाही.

म्हणून माझं पहिलं सांगणं असं की बादलीत काय घालायचं हे ठरवण्याआधी दावणीतून काय काढायचं ते ठरवा. गूळ, भाकरी, हरभरे, कोंडा आणि वाढे, हे पाचही आजपासून बंद. हळूहळू कमी करत बसू नका. नवा चारा सवयीचा व्हायला दहा-बारा दिवस द्यावे लागतात, पण धान्य आणि गूळ थांबवायला मुहूर्त लागत नाही.

हरभऱ्याबद्दल तुम्ही लिहिलंत, ‘भिजवलेलेच देतो, म्हणजे हलके पडतात.’ असं खूप जण मानतात. भिजवल्यानं हरभरा मऊ होतो, चावायला सोपा जातो, पण त्यातलं पिष्ट जागच्या जागी राहतं. हुलगे, मका, जव, ओट यांचंही तेच. मक्यात जवळजवळ दोन तृतीयांश पिष्टच असतं, ओटमध्ये ते कमी असलं तरी अशा घोडीला परवडण्याइतकं कमी नाही. डाळ मिलमधली हरभऱ्याची किंवा तुरीची चुणी आणली, तरी त्यात टरफलाबरोबर डाळीचा चुरा असतोच.

आणि कोंडा. तो म्हणजे सगळा तंतू, या समजुतीवर जरा थांबूया, कारण त्यात दोन अडचणी आहेत. एक, गव्हाच्या कोंड्यात साखर आणि पिष्ट मिळून साधारण पाव ते तिसरा हिस्सा भरतो. दुसरी अडचण अधिक गंभीर आहे. कोंड्यात कॅल्शियमच्या सुमारे दहापट फॉस्फरस असतो. त्यात तुमच्याकडे हिरवा चारा हत्तीगवताचा, आणि त्यात ऑक्सलेट जास्त असतं. ते आहारातलं कॅल्शियम बांधून ठेवतं, घोड्याला मिळू देत नाही. कोंडा आणि हत्तीगवत ही जोडी वर्षानुवर्षं चालली की शरीर हाडांतून कॅल्शियम काढायला लागतं, जबड्याची आणि नाकाडाची हाडं फुगतात, चाल जड होते. पूर्वी लष्कराच्या आणि दळणाऱ्यांच्या घोड्यांना केवळ कोंड्यापायी हा आजार व्हायचा. डॉक्टर पुढच्या वेळी येतील तेव्हा तिच्या तोंडाच्या दोन्ही बाजू चाचपून बघायला सांगा. मी तरी ही जोडी आधी फोडेन.

आता गवत. तुमच्या भागात डोंगरउतारावरचं मारवेल, पवना असं गवत कापून वाळवतात. या प्रकरणात ते तुमच्या हातातलं सर्वांत मोलाचं औषध आहे असं मी म्हणेन. इंग्लंडात थंड हवेचं रायग्राससारखं गवत असतं. ते फ्रुक्टन नावाची साखर साठवतं, म्हणून तिथल्या तट्टांना कुरणावर चरूनच लॅमिनायटिस होतो. आपल्याकडची उष्ण प्रदेशातली गवतं तसं करत नाहीत, आणि पक्व होऊन वाळलेल्या गवतात साखर सहसा कमीच असते. भाच्याचा सल्ला मायेचा आहे, पण तो तिथल्या कुरणांना धरून आहे. मात्र कुसळी गवत घेऊ नका, निदान कुसळं धरल्यानंतर कापलेलं तरी नको. ती कुसळं हिरड्यांत आणि जिभेखाली रुततात. नुसत्या भाताच्या पेंढ्यावरही ठेवू नका, त्यात पोषण फार कमी आणि आतड्यात गच्च बसायची भीती. कडबा थोडा, कुट्टी करून चालेल, पण गोड ताटाचा नको. हिरवी ज्वारी तर अजिबात नको. कोवळ्या ज्वारीच्या विषबाधेबद्दल शेतकऱ्यांना सांगायला नको, पण घोड्यांना तिच्यामुळे मूत्राशयाचा आणि मागच्या पायांतली ताकद जाण्याचा वेगळा आजारही होतो.

किती द्यायचं? त्यासाठी वजन हवं. शिवणकामाची टेप घ्या. पुढच्या पायांच्या लगेच मागे छातीचा घेर मोजा, मग खांद्याच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या मागच्या हाडापर्यंत लांबी मोजा, दोन्ही सेंटिमीटरमध्ये. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले 11,900, म्हणजे किलोत वजन येतं. समजा घेर 150 आणि लांबी 135 भरली, तर वजन साधारण 255 किलो. लठ्ठ घोडीला दिवसाला वजनाच्या दीड टक्का कोरडा चारा द्यायचा, म्हणजे तिला सुमारे 3.8 किलो. वाळलेल्या गवतातही थोडा ओलावा असतो, म्हणून काट्यावर साधारण 4.3 किलो. याच्या खाली डॉक्टरांना विचारल्याशिवाय कधीही उतरू नका. हे गवत एकदम समोर टाकलंत तर ती दोन-तीन तासांत संपवेल आणि उरलेला दिवस ओरडेल. चार-पाच वेळा विभागून, बारीक भोकांच्या जाळीत भरून टांगा. रात्रीचा वाटा सर्वांत मोठा ठेवा.

गवत भिजवून दिलं तर त्यातली साखर आणखी उतरते. अर्धा ते एक तास भरपूर पाण्यात पूर्ण बुडवायचं, निथळायचं, मग द्यायचं. किती साखर निघेल हे त्या त्या गवतावर आहे, म्हणून तेवढ्यावर विसंबून गोड चारा चालवून घेऊ नका. भिजवल्यावर क्षारही पाण्यात जातात, ते वरून द्यावे लागतील. ते पाणी गाईंच्या हौदात नको, झाडाला ओता. आणि वैशाखात तासापेक्षा जास्त भिजत ठेवलंत तर ते आंबायला लागेल.

आता तुमच्या पोत्याकडे येते. बीट पल्प म्हणजे साखर काढून घेतलेल्या बीटाचा चोथा. त्यात पेक्टिनसारखा मऊ तंतू असतो, तो घोड्याच्या मोठ्या आतड्यात छान पचतो, आणि चौपट-पाचपट पाणी पिऊन फुगतो. वस्तू उत्तम आहे, यात शंका नाही. पण मळी (मोलॅसिस) न घातलेलाच घ्यायचा, कारण पुष्कळ ठिकाणी चवीसाठी त्यात मळी परत मिसळतात आणि मग सगळा हेतूच जातो. आपल्याकडे साखर उसाची, म्हणून हा चोथा परदेशातून येतो आणि महाग पडतो. इथे कोणी सुचवेल की आपल्या कारखान्याचा बगॅस आहे की! तो चालणार नाही. उसाचं चिपाड लाकडासारखं असतं, घोड्याला पचत नाही आणि आतड्यात अडकू शकतं.

त्याऐवजी मी सोयाबीनची साल सुचवेन. तेलाच्या कारखान्यात सोयाबीन फोडताना वरचं टरफल वेगळं होतं, पशुखाद्याच्या व्यापाऱ्यांकडे सोया हस्क म्हणून ते मिळतं. मराठवाड्यातून सोयाबीनचं इतकं उत्पादन येतं की शोधायला अवघड जाऊ नये. त्यात तंतू तिसऱ्या हिश्श्याहून जास्त, पिष्ट फार कमी, आणि पचनाच्या बाबतीत ते बीटाच्या चोथ्याच्या अगदी जवळ जातं. उष्णता दिलेली साल मागा. मळणीनंतर शेतात उरतो तो सोयाबीनचा भुसा वेगळा. तो टोचरा आणि धुळीचा असतो, तो नको.

आणि एका गोष्टीसाठी तुम्हाला अगदी कळकळीनं सांगते. गाईंची गोळीपेंड तिच्या बादलीत कधीही नको. त्यात मळी असते, बऱ्याचदा युरिया असतो. कोंबडीच्या खाद्यात, आणि काही गुरांच्या खाद्यातही, मोनेन्सिन नावाचं औषध घातलेलं असतं. गाईला आणि कोंबडीला चालणारी ती मात्रा घोड्याच्या हृदयाला मारक ठरते. गोठा शेजारी आहे, म्हणून हे घरातल्या प्रत्येकाला आणि गड्यालाही माहीत असलं पाहिजे.

तुमच्या घोडीच्या आंबोणासाठी, म्हणजे बादलीतल्या भिजवलेल्या खुराकासाठी, 250 ते 300 ग्रॅम कोरडी सोयाबीनची साल पुरे. दिवसाला तेवढीच, दोन वेळांत मिळून. तेवढा भाग गवताच्या हिशेबातून वजा करा. त्यात चौपट पाणी, सपाट एक मोठा चमचा साधं मीठ आणि डॉक्टर सांगतील ते घोड्याचं क्षारमिश्रण. गुरांचं मिश्रण तसंच देऊ नका. चुरा असेल तर तास-दोन तासांत फुगतो, गोळ्या असतील तर जास्त वेळ लागतो. दाबल्यावर मध्ये कोरडा दाणा लागता कामा नये. कोरडं खाल्ल्यानं पोट फुटतं असं काही जण सांगतात, तसं होत नाही, पण घशाखाली अन्ननलिकेत बोळा अडकू शकतो, आणि घोड्याला उलटी करून तो बाहेर टाकता येत नाही. हिवाळ्यात रात्री भिजवून सकाळी दिलं तरी चालेल. उन्हाळ्यात सावलीत, झाकून, लागेल तेवढंच भिजवा. आंबूस वास आला तर फेकून द्या, बादली रोज घासा. पहिले दोन दिवस तिनं तोंड फिरवलं तर घाबरू नका, गुळाच्या सवयीच्या जिभेला हे मिळमिळीत लागणारच. चिमूटभर मेथीची पूड घालून बघा, मेथीचा वास घोड्यांना आवडतो.

हे आंबोण तिचं पोट भरण्यासाठी नाही. मीठ आणि क्षार पोटात जावेत, उन्हाळ्यात चार घोट पाणी जास्त जावं आणि चंदीच्या वेळेला तिच्यासमोर बादली यावी, एवढंच त्याचं काम. म्हणून सोयाबीनची साल मिळाली नाही तर हेच सगळं मूठभर भिजवलेल्या गवताच्या कुट्टीत मिसळा. महाग पोत्यासाठी गवताच्या खर्चात काटकसर करावी लागणार असेल, तर पोतं नको.

अशी पत्रं इतरांचीही येतात, पण प्रत्येक घोड्याची गरज तुमच्या घोडीसारखी नसते. म्हातारा, दात झिजलेला, गवताचे चघळलेले बोळे खाली टाकणारा घोडा वाळत चालला असेल, तर त्याचं आंबोण हेच मुख्य जेवण करावं लागतं. भिजवलेली गवताची बारीक कुट्टी, सोयाबीनची साल, सोबत वाळवलेला लसूणघास, दिवसातून चार-पाच वेळा. लसूणघासात साखर कमी आणि कॅल्शियम चांगलं, पण अंग धरायला लावणारा, म्हणून तुमच्याकडे नको. माथेरान-महाबळेश्वरला रोज राबणाऱ्या घोड्यांची चंदी मात्र तोडू नये, वाटून द्यावी. एका वेळी शरीराच्या दर किलोमागे एक ग्रॅमपेक्षा जास्त पिष्ट जाऊ नये असं पाहावं. 300 किलोच्या घोड्याला ओट असतील तर एका वेळी साधारण सहाशे-सातशे ग्रॅम. आणि कोणतंही तयार खाद्य घेताना पिशवीवर साखर आणि पिष्ट या दोन्हींचा आकडा मिळून बघावा. लॅमिनायटिस झालेल्या जनावरासाठी तो दहा-बारा टक्क्यांच्या आत हवा. ‘साखर घातलेली नाही’ एवढं लिहिलेलं पुरत नाही, कारण आत मका असू शकतो.

सासूबाईंशी कसं बोलावं, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण पत्रभर ती काळजी दिसते. त्यांचा संध्याकाळचा फेरा बंद करू नका. घोडी त्यांची वाट बघते, आणि या वयात त्यांनाही तो हवा असणार. गुळाऐवजी काकडीचे दोन काप त्यांच्या हातात द्या आणि खरारा द्या. मानेच्या मुळाशी, खांद्याच्या उंचवट्यापुढे खाजवलं की घोड्याच्या हृदयाचे ठोके मंदावतात, हे मोजून पाहिलेलं आहे. तिथेच घोडे एकमेकांना खाजवतात. दसऱ्याला घोडीची पूजा जरूर करा, नैवेद्य तिच्यापुढे ठेवा आणि मग गाईला द्या. आणि त्यांना हेही सांगा की चारा मोजून देताना तो कमी पडू नये, यावर लक्ष ठेवायचं काम त्यांचं. ती त्यांची खरी चिंता आहे, आणि रास्त आहे.

डॉक्टरांशी तीन गोष्टी बोला. खुरांचे एक्स-रे झाले नसतील तर काढा. शिरवळचं पशुवैद्यकीय महाविद्यालय तुम्हाला जवळ आहे, काय सोय होईल ते तिथे विचारता येईल. नालबंदाला ते एक्स-रे दाखवून दर पाच-सहा आठवड्यांनी खूर साळायला बोलवा. आणि वय अठरा आहे, म्हणून मेंदूतल्या पिट्युटरी ग्रंथीच्या आजाराची शंका काढून टाका. तिचे केस उन्हाळ्यातही लांब राहतात का, वेळेवर गळत नाहीत का, पाठीवरचं मांस उतरलंय का? तसं असेल तर रक्ताची तपासणी लागेल, कारण त्या आजारात कितीही नेमका चारा दिला तरी लंगडणं परत येतं. त्यावर औषध आहे.

घेर दर आठवड्याला एकाच वेळी मोजा आणि गोठ्याच्या भिंतीवर लिहा. आयाळीखालची चरबी हाताला मऊ लागायला लागली, तळहात फिरवल्यावर बरगड्या जाणवू लागल्या, की बरोबर चाललंय. लंगडणं पूर्ण गेल्यावर, डॉक्टरांनी हो म्हटलं तर रोज थोडं चालवा.

मधेच कधी ती पुढचे पाय लांब टाकून मागे रेलून उभी दिसली, वळायला नको म्हणाली, पाय आलटूनपालटून उचलू लागली, किंवा खुराच्या वर पायाच्या मागे नाडी जोरात उडताना लागली, तर सकाळची वाट बघू नका, लगेच डॉक्टरांना फोन करा. तोवर तिला मऊ वाळूत किंवा जाड पेंढ्यावर उभं करा, खुरं बर्फाच्या पाण्यात ठेवता आली तर ठेवा, चालवू नका, दुखण्याची गोळी आपल्या मनानं देऊ नका. पाणी आणि भिजवून निथळलेलं गवत मात्र समोर असू द्या.